थंडीत कोंबडी आजारी पडली तर: आधी ऊब, मग पाणी, मग औषध

सकाळी खुराडे उघडले, सगळ्या धडपडत बाहेर आल्या आणि एक मागेच राहिली. कोपऱ्यात पिसे फुलवून, मान आत ओढून, डोळे अर्धवट मिटून बसलेली. पुढच्या दहा मिनिटांत बहुतेक जण तिला उचलून उन्हात ठेवतात, चोच उघडून काहीतरी कोमट पाजतात आणि घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी पाण्यात विरघळवतात. यातले उन्हात ठेवणे निदान निरुपद्रवी असते, बाकीच्या दोन गोष्टींनी मात्र बरी होणारी कोंबडीही हातची जाते.

कारण साधे आहे. कोंबडीच्या अंगाचे तापमान माणसापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त, साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. ते टिकवण्यासाठी थंडीत ती दिवसभर चरते. खाणे थांबले की अंग गार पडू लागते, आणि अंग गार पडले की अन्नपिशवी आणि आतडी मंदावतात. अशा पोटात वरून घातलेला घास पुढे सरकत नाही, तिथेच आंबतो. औषधही तिथेच पडून राहते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## तयारी: आजारी पडण्याआधी

खोके आणि सामान थंडी सुरू व्हायच्या आधीच एका जागी ठेवा. पहाटे गारठलेली कोंबडी एका हातात धरून दुसऱ्या हाताने सिरिंज शोधणे जमत नाही, हे मी करून पाहिले आहे.

- पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा मांजर न्यायचा पिंजरा. तळाशी जुना टॉवेल किंवा साधा कागद. पेंढा किंवा भुसा नको. त्यात विष्ठा दिसत नाही आणि निदानाची निम्मी माहिती विष्ठेत असते.
- रबरी गरम पाण्याची पिशवी, नाहीतर जाळीने झाकलेला, दोन ठिकाणी पक्का बांधलेला बल्ब.
- दोन थर्मामीटर: एक डिजिटल, फक्त कोंबड्यांसाठी राखलेला, दुसरा खोक्यातल्या हवेसाठी.
- ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, टॉर्च, हातमोजे.
- सुई काढलेल्या १ आणि ५ मिलीच्या सिरिंजा.
- गॉज, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, पोव्हिडोन आयोडीन, व्हॅसलीन, कॉर्नफ्लोर, मीठ, ओआरएसची पाकिटे.
- पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्याचा नंबर. बरेच पशुवैद्य जनावरे नाहीतर कुत्री-मांजरेच बघतात. कोण कोंबडी बघतो याची चौकशी आधीच करून ठेवा.

इशारा: काही हीटर-बल्बांवर फुटू नयेत म्हणून टेफ्लॉनचा थर असतो. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारतो, आणि तो माणसाला जाणवतही नाही. तसेच बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह ठेवून ऊब देऊ नका. त्याचा विषारी धूर कोंबडीला आधी आणि तुम्हाला नंतर गाठतो.

खोके स्वयंपाकघरात ठेवू नका. कोंबडी धडधाकट दिसत असली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हाताळून झाले की दर वेळी साबणाने हात धुवा.

## टप्पा १: हात लावण्याआधी पाच मिनिटे दुरून पाहा

हा टप्पा सगळे गाळतात. कोंबडी आजार लपवते. तुम्ही जवळ गेलात की मान ताठ करून दोन पावले टाकून दाखवते. म्हणून दारापासून लांब, गप्प उभे राहा.

शेपटीकडे पाहा. दर श्वासाला शेपूट वर-खाली हलत असेल तर तिला श्वास घ्यायला कष्ट पडत आहेत. अंग सरळ उभे, शेपूट खाली, पेंग्विनसारखी चाल असेल तर अंडे अडकल्याची शंका घ्या. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडली असेल तर मारेक्स या विषाणूच्या आजाराचा संशय. त्यावर औषध नाही.

मग कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिच्याखालची विष्ठा पाहा. तपकिरी गोळा आणि त्यावर पांढरा टोप, ही निरोगी विष्ठा. दिवसातून काही वेळा पडणारी चिकट, चॉकलेटी, उग्र वासाचीही निरोगीच असते. तिला हगवण समजून औषध देणारे पुष्कळ आहेत. हिरवी, पातळ आणि आत घन काहीच नसलेली विष्ठा बहुतेकदा सांगते की पोट रिकामे आहे आणि नुसते पित्त बाहेर पडते आहे. रक्त दिसले, विशेषतः लहान वयाच्या कोंबडीत, तर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी डोळ्यांसमोर ठेवा आणि ताजी विष्ठा तपासणीला न्या.

दिवस लहान झाले की कोंबड्या पिसे गाळतात आणि अंडी बंद करतात. गळ्याभोवती उघडी कातडी, जागोजाग नवी काटेरी पिसे, स्वभाव चिडका, पण खाणे चालू: ही कोंबडी आजारी नाही. तिला उचलूही नका, नव्या पिसांची मुळे दुखतात.

इथे थांबा: एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या असतील, तुरे निळे-जांभळे पडले असतील, डोकी सुजली असतील किंवा माना पिळवटल्या असतील, तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी नाहीत. बर्ड फ्लू आणि मानमोडी (राणीखेत) या दोन्हींत हे दिसते. पक्षी हलवू नका, विकू नका, मेलेले उघड्यावर टाकू नका. सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

## टप्पा २: उचलणे, आणि रक्त असेल तर ते आधी

कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत जाते. म्हणून तिला छातीभोवती आवळून धरले तर नाक-तोंड मोकळे असूनही ती गुदमरते. दोन्ही पंख अंगाला मिटवून तळहातावर छाती टेकवा, पाय बोटांमध्ये धरा, आणि तिला काखेत सैल धरा. श्वास लागलेल्या कोंबडीला पाठीवर उताणी करू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून पूर्ण पाच मिनिटे धरा. मध्ये उचलून बघू नका, बघितले की साखळलेले सुटते. तुटलेल्या नखावर किंवा चोचीच्या टोकावर कॉर्नफ्लोर दाबा. जखम धुणे आता नको; ते अंग गरम झाल्यावर.

बाकीच्यांपासून तिला लगेच वेगळी करा. रोग पसरू नये म्हणून हे करायचेच, पण कोंबड्या रक्त आणि अशक्त जोडीदार दोन्हींवर टोचा मारतात, हेही कारण आहे. जमले तर इतरांचा आवाज तिला ऐकू येईल अशा जागी ठेवा. एकदम एकटी पडली की काही कोंबड्या खाणेच सोडतात.

## टप्पा ३: ऊब

पायाची बोटे आणि चोचीच्या आतला भाग बोटाने चाचपा. गार लागले तर तपमान घ्यायचीही घाई करू नका, खोक्यात ठेवा. घ्यायचेच असेल तर थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून विष्ठाद्वारात सेंटिमीटरभरच सरकवा. ४० च्या खाली आकडा म्हणजे ती गारठली आहे.

खोक्याच्या एका अर्ध्यात हवा २८ ते ३० अंश राहील अशी उष्णता द्या. दुसरा अर्धा थंड राहू द्या. हे अर्धे-अर्धे महत्त्वाचे आहे. तिला जास्त झाले तर सरकता आले पाहिजे, आणि ज्या कोंबडीला सरकताही येत नाही तिच्याकडे दर पंधरा मिनिटांनी तुम्ही बघितले पाहिजे. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे धरलेले असतील तर उष्णता जास्त झाली. पाण्याची पिशवी उघडी कधी ठेवू नका. टॉवेलाचे दोन वेढे द्या. ती गार झाली की काढा किंवा बदला, कारण गार पिशवी कोंबडीचीच ऊब ओढून घेते.

पिसे ओली असतील तर आधी टॉवेलने टिपून, मग हेअर ड्रायरच्या मंद झोतात मुळापर्यंत कोरडी करा. वरून कोरडी दिसणारी कोंबडी आतल्या मऊ पिसांत ओली असते. बोटे पिसांत खोल घालून बघा.

तपासा: तासा-दीड तासाने पाय कोमट झाले, मान वर आली, आजूबाजूला बघू लागली? तरच पुढे. नाही तर आणखी तासभर थांबा.

## टप्पा ४: पाणी

एक ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात मिसळा आणि कोमट करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखे आहे. हे पहिला एक दिवस, त्यानंतर साधे पाणी.

आता सगळ्यात धोक्याची जागा. कोंबडीच्या जिभेच्या मागे, तोंडाच्या तळाशीच, श्वासनळीचे तोंड उघडे असते. चोच उघडून सिरिंजने सरळ आत पाणी मारले की ते फुप्फुसात जाते. माझी एक तांबडी कोंबडी मी अशीच घालवली. ती गार होती, मी घाईत होतो, पाच मिली एकदम सोडले. तिने मान झटकली, नाकपुड्यांतून दोन बुडबुडे आले, आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. आजार काय होता ते मला कधीच कळले नाही.

म्हणून असे करा: चोच उघडू नका. मिटलेल्या चोचीच्या कडेला, टोकाजवळ एक थेंब लावा. थेंब आत ओढला जातो, ती मान उंचावून गिळते. गिळल्यावर दुसरा. वीस-तीस थेंब झाले की थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा. दोन किलोच्या कोंबडीच्या पोटात थेंब आणि तिने स्वतः प्यायलेले मिळून दिवसभरात सुमारे १०० मिली पाणी जाईल असे बघा. स्वतःहून भांड्यात चोच बुडवू लागली की सिरिंज बाजूला ठेवा.

मान धरता येत नसलेल्या, गिळत नसलेल्या कोंबडीच्या तोंडात काहीही घालू नका. तिला पशुवैद्याकडून त्वचेखाली सलाइन द्यावे लागते.

## टप्पा ५: चोचीपासून नखांपर्यंत

ती गरम झाली आणि प्यायली की तपासणी. एकदाच, ठरलेल्या क्रमाने. निरीक्षणे कागदावर लिहा. तीन दिवसांनी "तेव्हा उजवा डोळा की डावा" हे आठवत नाही.

आधी वजन. मग डोळे: फेस, सूज, एकीकडे की दोन्हीकडे. नाकपुड्या: ओल्या, चिकट, वास येतो का. तोंडात टॉर्च मारा. पिवळट चिकटलेले ठिपके दिसले तर खरवडू नका, रक्त येते. तुरा आणि चोचीखालचे लोंबते गलोल: फिके असतील तर रक्त कमी आहे, निळसर असतील तर रक्ताभिसरण किंवा श्वासाचा त्रास आहे.

गळ्याच्या उजव्या बाजूला, छातीच्या वर, अन्नपिशवी. रात्री भरलेली आणि सकाळी दाण्याआधी रिकामी, हा तिचा नियम. सकाळी भरलेली सापडली तर निदान तिथेच अर्धे झाले.

छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर आजार ताजा आहे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर ती आठवड्यांपासून आजारी आहे आणि पिसांनी ते झाकले होते. थंडीत फुगलेली पिसे फार फसवतात. दहापैकी नऊ वेळा आपल्याला उशीर इथेच झालेला असतो.

मग पोट, विष्ठाद्वार, पंखांखालची कातडी, आणि शेवटी तळपाय. विष्ठाद्वाराभोवतीची पिसे काळपट, मळकी दिसली तर पिसे बाजूला करून बघा. पक्ष्यांवरच राहणारा एक बारीक माइट थंडीतच जोरात वाढतो, आणि रक्त पिऊन कोंबडीला फिकी, मलूल करतो. उवांची अंडी पिसाच्या बुडाशी पांढऱ्या गुठळीसारखी चिकटलेली असतात. किडे एका कोंबडीवर सापडले तर उपचार सगळ्यांवर आणि दांड्यांच्या फटींतही करावा लागतो.

## टप्पा ६: सापडेल त्याप्रमाणे उपचार

### ६.१ हिमदंश

तुऱ्याची टोके, गलोल आणि बोटे. सुरुवातीला भाग पांढुरका-राखाडी, गार आणि कडक लागतो; ऊब मिळाल्यावर सुजतो, कधी फोड येतात; काही दिवसांत टोके काळी पडतात.

पायांना: ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे. पाणी निवते, तेव्हा थर्मामीटर बघत गरम पाणी कडेने ओतत राहा. हाताला "छान गरम" वाटणारे पाणी बधिर पायाला भाजू शकते. तुऱ्याला: त्याच पाण्यात भिजवलेले मऊ कापड नुसते टेकवून धरा. मग टिपून कोरडे करा.

लोक तीन चुका हमखास करतात. पहिली, चोळणे, गोठलेल्या पेशी चोळल्याने फाटतात. दुसरी, बल्ब किंवा ड्रायर सरळ त्या भागावर धरणे. तिसरी, काळे झालेले टोक कापणे. ते काळे टोक खालच्या जिवंत भागाचे झाकण आहे. काही आठवड्यांत ते आपोआप सुकून गळते. ओलसर झाले, वास येऊ लागला किंवा लाली खाली सरकू लागली तर मात्र पशुवैद्य. हिमदंश दुखतो, वेदनाशामकाची मात्रा त्यांनाच विचारा.

ऊब दिलेला भाग पुन्हा गोठला तर नुकसान पहिल्यापेक्षा जास्त होते. म्हणून त्या कोंबडीला गोठणाऱ्या थंडीत लगेच परत सोडू नका.

आणि खुराड्याकडे बघा. सकाळी छताच्या आतून थेंब किंवा दव दिसते? मग दोष ओलाव्याचा आहे. "थंडी वाजेल" म्हणून सगळ्या फटी प्लास्टिकने बुजवल्या की कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडते आणि तुऱ्यावर बसते. झरोके दांडीवरच्या डोक्यांपेक्षा उंच हवेत, वारा अंगावर येणार नाही असे. दांडी गोल आणि बारीक नको. साधारण १० सेंटिमीटर रुंद सपाट पट्टी असली की कोंबडी बोटांवर बसते आणि पोटाच्या पिसांनी ती झाकते.

### ६.२ अडकलेले अंडे

पेंग्विनसारखी उभी, शेपूट पंपासारखी खालीवर, घरट्यात ये-जा, अंडे नाही. हातमोज्याला व्हॅसलीन लावून एक बोट विष्ठाद्वारात हलके सरकवा. चार-पाच सेंटिमीटर आत कडक, गोल काही लागले तर अंडेच.

३८ ते ४० अंशांच्या पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसवा. बहुतेक कोंबड्या दोन मिनिटांत शांत होतात, काही तर डुलक्या घेतात. मग पूर्ण कोरडी करून, कडेने व्हॅसलीन लावून, अंधाऱ्या उबदार खोक्यात एकटी सोडा आणि दोन तास डोकावू नका. कॅल्शियम कमी पडल्याने गर्भाशय आकुंचन पावत नाही, हे यामागचे नेहमीचे कारण. कॅल्शियमची मात्रा तिचे वजन सांगून फोनवर विचारून घ्या. काही तासांनी शेक पुन्हा देता येतो.

पोट दाबून अंडे बाहेर काढायला जाऊ नका. आत फुटलेले कवच गर्भाशय चिरते. २४ तासांत अंडे आले नाही तर घरगुती उपाय संपले.

लाल मांस बाहेर आले असेल तर मिठाच्या पाण्याने धुवा, व्हॅसलीन लावून बोटाने हलकेच आत ढकला, आणि खोके अंधारे ठेवा. पुन्हा बाहेर आले तर पशुवैद्य.

### ६.३ अन्नपिशवी

थंडीत पाणी गोठते, कोंबडी दिवसभर कोरडा दाणा आणि अंथरलेला पेंढा चघळते, आणि ते सगळे पिशवीत घट्ट बसते. चाचपल्यावर ओल्या मातीचा गोळा लागतो. दाणा बंद करा, पाणी चालू ठेवा. गोळा बोटांनी बाहेरून हलके मोकळा करत पाच मिनिटे मालिश, दिवसातून तीन-चार वेळा. २४ ते ४८ तासांत पिशवी लहान झाली नाही तर ती पशुवैद्यालाच रिकामी करावी लागेल.

पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत बुरशी माजली आहे. तिथे प्रतिजैविक दिले तर बुरशीला आणखी मोकळे रान मिळते. बुरशीविरोधी औषध लागते. कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळणे ही जुनी युक्ती अजून सांगितली जाते. करू नका. तेच पाणी श्वासनळीत उतरते.

### ६.४ श्वास

खुराड्यात उकिडवे बसा, डोके दांडीच्या उंचीवर आणा आणि नाकाने श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर अमोनिया साठला आहे, आणि कोंबड्या तो रात्रभर घेत आहेत. सगळ्यांच्या डोळ्यांत थोडा फेस, शिंका, पण खाणे चालू, असे चित्र असेल तर खाली अंथरलेली ओली गादी काढून कोरडी टाकणे आणि झरोका उघडणे हेच औषध. चार दिवसांत फरक दिसतो.

चेहऱ्याची एक बाजू सुजली आणि नाकातल्या स्रावाला घाण वास येतो: कोरायझाची, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या सर्दीची शंका. आठवड्यानुआठवडे घरघर, थंडीत वाढणारी, ऊब आली की कमी होणारी: मायकोप्लाझ्मा, औषधाने लक्षणे जातात, पण जंतू कोंबडीत राहतो आणि ती इतरांना देत राहते. आवाज न करता चोच उघडून श्वास, आणि खुराड्यात बुरशीचा पेंढा: फुप्फुसात बुरशी, तिथे प्रतिजैविक निरुपयोगी. नुसते बघून यांतला फरक खात्रीने कळत नाही. घशातल्या स्रावाचा नमुना तपासावा लागतो. वाफारे आणि उग्र वासाची तेले मात्र कोणत्याच आजारात नकोत.

### ६.५ जखमा

अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ. सिरिंजने भरपूर धुवा. जखमेभोवतीची पिसे कापा, उपटू नका. मग चहाच्या फिक्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज लावले तर नवी कातडी येतच नाही.

मांजर किंवा कुत्रा चावला असेल तर बाहेरचे भोक टाचणीएवढे दिसते आणि आत बरेच फाटलेले असते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला हा जंतू असतो, आणि तो कोंबडीला दोन दिवसांत मारू शकतो. चावा कितीही लहान असो, त्याच दिवशी पशुवैद्य. अशी जखम शिवू नका, चिकटवू नका.

तळपायावर काळी खपली आणि खाली गाठ: उंच दांडीवरून कडक जमिनीवर उड्या मारून झालेली जखम, आत पू. कोमट पाण्यात भिजवा, पट्टी बांधा, दांडी खाली आणा. चाकूने खोदू नका.

## टप्पा ७: आता अन्न, मग औषध

नेहमीचेच खाद्य कोमट पाण्यात सैल कालवून, दोन-तीन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. सोबत कुस्करलेले उकडलेले अंडे चालते. दूध आणि पाव नको. उरलेले दोन तासांत काढा. खोक्यात दिवसा उजेड हवा. अंधारात कोंबडी खात नाही, आणि अंधाऱ्या खोक्यात उपाशी बसलेल्या कोंबडीला लोक "भूक नाही" म्हणतात.

प्रतिजैविक निदानानंतरच. पिण्याच्या पाण्यात घालण्यात एक घोळ आहे: आजारी कोंबडी मुळात कमी पिते, थंडीत आणखी कमी. मग मात्रा अपुरी पडते आणि जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. एकट्या कोंबडीला वजनाप्रमाणे तोंडावाटे किंवा इंजेक्शनने द्यावे. टेट्रासायक्लिन गटातले औषध चालू असेल तर शिंपल्यांचा चुरा आणि कॅल्शियम बाजूला ठेवा. कॅल्शियम ते औषध पोटातच बांधून टाकते. औषधाचे सांगितलेले दिवस पूर्ण करा. आणि औषध थांबल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून खोक्यावरच लिहून ठेवा.

रोज सकाळी दाण्याआधी वजन. तीन दिवस सलग उतरत असेल तर उपचार लागू पडत नाही, मग ती कितीही चळवळी दिसो.

तपासा: उठत नाही, पीत नाही, श्वासाला कण्हते, दोन दिवसांत सुधारणा शून्य. अशा कोंबडीला शांतपणे संपवण्याचा पर्याय पशुवैद्याशी बोला. ती स्वतःच गेली तर शव पिशवीत बांधून गार ठेवा, पण बर्फात गोठवू नका. गोठलेल्या पेशींवरून शवविच्छेदनात कारण सापडणे अवघड होते.

## टप्पा ८: परत खुराड्यात

आठवडाभर उबेत राहिलेली कोंबडी एकदम गारठ्यात सोडली की ती पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसते. उष्णता रोज तीन-चार अंशांनी उतरवा. उष्णता पूर्ण बंद करून दोन रात्री साध्या आडोशाला काढल्या, वजन टिकले, विष्ठा बांधीव झाली, तर ती तयार.

दुसरा अडथळा तिच्या मैत्रिणींचा. चार-पाच दिवस गैरहजर राहिली तरी तिची जागा गेलेली असते. दोन दिवस जाळीपलीकडे, एकमेकींना दिसतील अशी ठेवा. रात्री गुपचूप दांडीवर बसवा असा सल्ला सगळे देतात. थंडीत मला तो पटत नाही, कारण पहाटेची पहिली मारामारी बघायला तुम्ही तिथे नसता. दुपारी, हवा उबदार असताना, दाणा दोन भांड्यांत लांब-लांब ठेवून सोडा आणि तासभर तिथेच थांबा. एखाद-दुसरी टोच चालेल. रक्त निघाले तर परत जाळीपलीकडे.

पहिल्या रात्री टॉर्च घेऊन जा. ती दांडीवर इतरांमध्ये दाटून बसली आहे की खाली एकटी, ते बघा. मग हात पिसांखाली घालून अन्नपिशवी चाचपा: लिंबाएवढी तरी भरलेली हवी. रिकामी लागली तर बाकीच्यांनी तिला दाण्यापाशी येऊ दिलेले नाही. उद्या भांडी तीन.